परभणीचा फर्स्ट क्लास अंधार

‘लाँग वीकेण्डला कुठे?’ आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात हा प्रश्न बुधवारच्या लंचला ठरलेला. २०२४ ची महाशिवरात्र आली होती शुक्रवारी, ८ मार्चला. म्हणजे सलग तीन दिवस ऑफ! कुणाचं गोव्याचं बुकिंग झालेलं, कुणी अलिबागला रूम शोधत होतं, टीममधलं नवं जोडपं महाबळेश्वरला निघालेलं. माझी पाळी आली. म्हटलं, ‘परभणी.’

टेबलावर शांतता. मग टीम लीडने आवाज खाली आणून विचारलं, ‘कुणी... गेलं का?’

कुणी गेलं नव्हतं, बाबांनो! मी फोटो काढायला चालले होते. कशाचे? तर ताऱ्यांचे. त्यासाठी लागतो अंधार, आणि चोवीस तास झगमगणाऱ्या आपल्या पुण्यात नेमका तोच माल स्टॉकमध्ये नाही.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण तुम्हीही ऐकली असेल. माझ्या आईसमोर मात्र ती म्हणायची सोय नाही, कारण तिचं माहेर परभणी जिल्ह्यातलं. पाथरी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर काठावरचं छोटंसं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मामांच्या माळवदावर ओळीने झोपायचो. लोडशेडिंगचे दिवस होते. वर आकाशात एक पांढुरका पट्टा आडवा पसरलेला असायचा. मामा म्हणायचे, ‘ती आकाशगंगा.’ आम्ही म्हणायचो, ‘बरं.’ त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलंच नाही. नोकरी लागून सात-आठ वर्षं झाल्यावर एक दिवस लक्षात आलं, की तो पट्टा आपण मध्ये कधी पाहिलेलाच नाही!

यात मी एकटी नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार, जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही. बोनसच्या पैशांतून घेतलेला सेकंडहॅण्ड डीएसएलआर घेऊन मी सोसायटीच्या गच्चीवर प्रयत्न केला होता. फोटोत आलं काय, तर टोमॅटो सूप. नारिंगी, दाट आणि त्यात तरंगणारे तीन तारे. तेव्हाच ठरवलं, आता मामांकडेच जायचं.

पहिलं सेटिंग कॅमेऱ्यात नसतंच

नाइट फोटोग्राफीचा विषय निघाला की सगळे आधी विचारतात, ‘आयएसओ किती ठेवायचा?’ माझ्या मते हा प्रश्न चौथ्या नंबरचा. पहिल्या नंबरवर तारीख, दुसऱ्यावर जागा, तिसऱ्यावर वेळ. हे तीन चुकले तर कॅमेरा लाखाचा असला तरी सूपच!

तारीख म्हणजे अमावस्येच्या आसपासची. चंद्र आकाशात असेल तर आकाशगंगा विसरा. इथे एक सोपी युक्ती सांगते. महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे बरोबर अमावस्येच्या तोंडावर. त्यामुळे ती रात्र दरवर्षी जवळजवळ पूर्ण अंधारी असते. हवाही कोरडी. वर सुट्टी! फोटोग्राफरच्या सोयीनेच कुणी हा सण ठेवला असावा अशी मला शंका आहे.

जागा म्हणजे मोठ्या शहरापासून जितकी लांब तितकी बरी आणि क्षितिज जितकं मोकळं तितकं उत्तम. गोदाकाठचा हा भाग सपाट आहे. डोंगर मध्ये येत नाहीत. आणि नदीच्या उत्तर काठावर उभं राहिलं की दक्षिणेला समोर नुसतं पात्र आणि पलीकडची शेतं. आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग दक्षिणेकडच्या आकाशातच दिसतो, वृश्चिक आणि धनू राशींच्या मध्ये. म्हणजे जागा एकदम परफेक्ट.

वेळेचं गणित जरा गमतीचं आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हा भरगच्च भाग आग्नेयेला उगवतो रात्री पावणेदोनच्या सुमारास. नीट वर यायला तीन-साडेतीन वाजतात. सव्वापाचनंतर पूर्व उजळू लागते. म्हणजे हातात उरले दोन तास! एप्रिलच्या मध्याला तोच भाग रात्री अकरालाच उगवतो. जूनमध्ये संध्याकाळीच हजर असतो, पण तोवर ढग आलेले असतात. म्हणून आपल्याकडे आकाशगंगेचा सीझन खरा फेब्रुवारी ते मे. आणि मराठवाड्यातला मे म्हणजे मध्यरात्रीही जमीन तापलेली. मार्च सगळ्यात बरा.

साबुदाणा, शेवया आणि तिखट

गुरुवारी रात्री पुण्यातून ट्रॅव्हल्स पकडली. बीड, माजलगाव करत सकाळी पाथरी. मामा मोटरसायकल घेऊन उभेच होते. माझ्या खांद्यावरचा ट्रायपॉड बघून म्हणाले, ‘हे काय, तिफन आणलीस का गं?’

मामींनी उपवासाची साबुदाणा खिचडी पुढे ठेवली. संध्याकाळी देवळात जाऊन आलो आणि रात्री मी माळवदावर चढले, लहानपणीच्याच जागी. पण गाव काही तेच राहिलेलं नाही. चौकात एलईडीचा खांब उभा आहे आणि त्याचा पांढराशुभ्र उजेड थेट माळवदावर. गावाला तो हवाच होता. रात्री बायकांना बाहेर पडायची भीती त्याने कमी केली, असं मामी म्हणाल्या. त्यामुळे तक्रार करायचं तोंड मला नव्हतं. मामांनी मला गावाबाहेर दीड किलोमीटरवर त्यांच्या शेतात सोडलं आणि चुलतभावाला सोबतीला ठेवलं. तो दहा मिनिटांत बाजेवर घोरू लागला.

पहिला फोटो ऑटो मोडवर. काळाकुट्ट. कॅमेऱ्याने फ्लॅश मारला तो वेगळाच. मग मॅन्युअल मोडला आले आणि फजितीला खरी सुरुवात झाली.

लेन्सवर जिथे अनंताची खूण असते, तिथे फोकस नेऊन ठेवला. तारे दिसले, पण प्रत्येक तारा गोल, फुगलेला, पांढरा. साबुदाणा! दुपारी खाल्लेलाच जणू वर सांडला होता. धडा पहिला: अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. लाइव्ह व्ह्यू चालू करायचा, एखाद्या ठळक ताऱ्यावर स्क्रीन दहा पट झूम करायची आणि तारा बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हलक्या हाताने फिरवायची. संध्याकाळी यासाठी व्याध उत्तम, कारण रात्रीच्या आकाशातला तो सगळ्यात तेजस्वी तारा. मध्यरात्रीनंतर स्वाती. फोकस जमला की रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. मी मामींच्या टिकलीच्या पाकिटाची लावली.

मग वाटलं, जितका वेळ जास्त तितका प्रकाश जास्त. शटर उघडं ठेवलं ३० सेकंद. तारे झाले शेवया! कारण पृथ्वी फिरते. चोवीस तासांत ३६० अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तीस सेकंदांत तारा चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भाग सरकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला बरोबर कळतं.

मग वेळ कमी केला आणि आयएसओ चढवला थेट १२८०० वर. आता सगळ्या फोटोवर लाल-हिरवे ठिपके. कुणीतरी तिखटाचा डबा उपडा केल्यासारखे. रात्री साडेबाराला मी तिथेच बांधावर बसले. आयएसओ पाच आकडी आणि आत्मविश्वास शून्य!

हिशेब तिघांचा

सगळा मामला तीन गोष्टींचा आहे. लेन्सची खिडकी किती उघडी, म्हणजे अॅपर्चर. ती किती वेळ उघडी, म्हणजे शटर. आणि आत आलेल्या सिग्नलचा आवाज किती मोठा करायचा, म्हणजे आयएसओ. आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही, हे आधी डोक्यात ठेवा. लांबचं स्टेशन लावून रेडिओचा आवाज मोठा केला की गाणंही मोठं होतं आणि खरखरही. तसंच हे.

खिडकी असेल तेवढी उघडायची. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सची खिडकी १८ मिलिमीटरवर जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत उघडते. आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी, हा उलटा कारभार एकदा अंगवळणी पडला की त्रास नाही.

शटरसाठी फिल्मच्या जमान्यापासूनचा एक ठोकताळा आहे, ‘पाचशेचा नियम’. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर मिलिमीटरला आधी दीडने गुणायचं. माझं झालं १८ गुणिले १.५, म्हणजे २७. पाचशे भागिले २७, साधारण १८ सेकंद. पण हा नियम जुना. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर झूम केलं की अठरा सेकंदांतही ताऱ्यांना शेपूट दिसते. मी १५ वर थांबले. मोबाइलवर बघायला तेवढं चालतं. मोठी प्रिंट काढायची असेल तर १३.

मग वाटलं, आपल्याकडे ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्सही आहे की! ३.५ वरून १.८ म्हणजे जवळजवळ चौपट प्रकाश. पण ५० ला पाचशेचा नियम लावला तर वेळ उरतो जेमतेम साडेसहा सेकंद. एका हाताने चौपट मिळालं, दुसऱ्या हाताने जवळजवळ तिपटीने गेलं. शिवाय आकाशाचा तुकडा लहान. सॅलरी वाढते तसा टॅक्स वाढतो, तसलाच प्रकार. म्हणून सुरुवातीला साधी किट लेन्सच बरी.

आता उरला आयएसओ. एफ/३.५ आणि १५ सेकंद पक्के झाल्यावर मी १६००, ३२००, ६४०० असे तीन फोटो काढले. १६०० मध्ये आकाशगंगा अंधूक, ६४०० मध्ये खरखर. ३२०० वर मामला जमला. तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा वेगळा असू शकतो, पण शोधायची पद्धत हीच.

एक सावधान! अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन खोटं बोलते. डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यामुळे काळवंडलेला फोटोही झकास उजळ वाटतो आणि घरी येऊन बघावं तर काहीच नाही. म्हणून स्क्रीनचा ब्राइटनेस कमीत कमी ठेवायचा आणि फोटोवर नव्हे, हिस्टोग्रामवर भरवसा ठेवायचा. डोंगर अगदी डाव्या भिंतीला चिकटला असेल तर प्रकाश कमी पडलाय.

पाथरीचा ज्योतिषी

शनिवारी दिवसभर काय करायचं? मामींच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन झोपणं हा बेस्ट पर्याय होता. पण बारापर्यंत झोपून मी पाथरी बघायला निघाले. पाथरी म्हटलं की लोकांना साईबाबांचं जन्मस्थान मानलं जाणारं मंदिर आठवतं. २०२० च्या जानेवारीत त्यावरून झालेला वाद टीव्हीवर पाहिला असेल. मला मात्र तिथे जायचं होतं एका वेगळ्याच माणसासाठी, ज्याची पाटी गावात मला कुठेच दिसली नाही.

त्याचं नाव ज्ञानराज. १५०३ च्या सुमारास त्याने ‘सिद्धान्तसुंदर’ नावाचा ज्योतिषग्रंथ लिहिला. ज्योतिष म्हणजे पत्रिकावालं नव्हे. ग्रह कुठे असतील, ग्रहण कधी लागेल, यंत्रं कशी वापरायची, असलं गणिती काम. त्यातच ऋतूंवर एक काव्यमय प्रकरणही आहे! तो राहायचा गोदावरीकाठच्या पार्थपुरात, आणि पार्थपूर म्हणजे हीच आपली पाथरी, असं अभ्यासक मानतात. त्याचा मुलगा सूर्यदास आणखी अफाट. त्याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली आणि एक असं संस्कृत काव्य रचलं जे सरळ वाचलं तर रामाची गोष्ट, उलट वाचलं तर कृष्णाची!

पाचशे वर्षांपूर्वी याच काठावरून कुणीतरी रात्ररात्र हेच आकाश बघत होतं, मोजत होतं. त्याच्याकडे ट्रायपॉड नव्हता, पण अंधार फुकट आणि मुबलक होता.

आकाशाचं काम अजूनही या भागाला सोडत नाहीये, बरं का. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा शेजारीच. तिथे औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. त्या वेधशाळेला हवी असते हादरे नसलेली शांत जमीन. कुठे काही फारसं घडत नाही म्हणून ज्या भागाला आपण नावं ठेवतो, तेच इथे क्वालिफिकेशन ठरलं!

मामांची बॅटरी

शनिवारची रात्र. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विहिरीवरची मोटर चालायला थ्री-फेज वीज लागते आणि ती पाळीपाळीने मिळते. एक पाळी दिवसाची, एक रात्रीची. रात्रीची असली की शेतकऱ्याने रात्री जागून उसाला पाणी द्यायचं. एका सरीचं दार फोडायचं, भरली की बंद करायचं, पुढचं फोडायचं. याला म्हणतात दारं धरणं.

मला काय, सोबत मिळाली. दहाला मोटर सुरू झाली. मामा फावडं घेऊन पाण्यात उतरले आणि मी उसाच्या कडेला, नदीच्या बाजूला तोंड करून ट्रायपॉड रोवला. बारा-एकपर्यंत कॅमेऱ्याला काही काम नव्हतं. मी आकाश बघत बसले. उत्तरेला ध्रुव दोन मुठी उंचीवर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात आणि इथे ध्रुव आहे एकोणीस अंशांवर. आदल्या संध्याकाळी आठच्या सुमारास अगस्त्य अगदी दक्षिणेला पाहिला होता, तोही जवळपास तेवढ्याच उंचीवर. दोघं आकाशाच्या दोन टोकांना राखणीला बसल्यासारखे.

मामा मध्येच विडीला थांबले. वर बोट करून म्हणाले, ‘ते बाजलं. आन् ते बाजलं वढून न्यायलेले तीन चोर.’ बाजलं म्हणजे सप्तर्षी. ‘ते अर्ध्यावर आलं की समजायचं दीड-दोन वाजले. घड्याळ काय, पाण्यात पडतंय.’ मी मोबाइल बघितला. एक चाळीस!

आणि खरंच, त्याच वेळी दक्षिणेला, नदीपलीकडच्या झाडांच्या जरा वर, चार ताऱ्यांचा तिरका पतंग दिसला. त्रिशंकू! पुण्यातून तो एवढा खाली असतो की बिल्डिंगांमागेच राहतो. तीन वाजता वृश्चिकाची नांगी नदीवर चढली होती आणि तिच्या मागून तो पांढुरका पट्टा. माळवदावरचा. मी तिथे एकटीच मोठ्यांदा ‘आई गं’ म्हणाले.

१८ मिलिमीटर, एफ/३.५, १५ सेकंद, आयएसओ ३२००. एकामागून एक वीस फोटो घ्यायचे आणि घरी सॉफ्टवेअरवर ते एकमेकांवर रचायचे, असा प्लॅन होता. रचल्यावर खरखर वीसच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेचार पटीने कमी होते. अट एकच, मध्ये कुणी उजेड करायचा नाही.

आणि मामांच्या हातात बॅटरी. दर दोन-तीन मिनिटांनी ती पेटायची, उसातून फिरायची आणि माझ्या फ्रेममध्ये पांढरा पट्टा मारून जायची. तिसऱ्यांदा झाल्यावर मी ओरडले, ‘मामा, पाच-सहा मिनिटं बॅटरी बंद ठेवता का? फोटो खराब होतोय.’

‘ठिवतो की,’ अंधारातून आवाज आला.

वीस फोटो झाले. मी हावरटासारखे आणखी वीस लावले. मग कॅमेरा जरा वळवून आणखी वीस. पाण्याचा आवाज, फावड्याचा आवाज. आणि मग एकदम धप्प! कुणीतरी चिखलात पडल्याचा.

‘मामा?’

‘काही नाही. पाय सटकला. तुझा फोटू होऊ दे.’

मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं, की ती बॅटरी कशासाठी होती. अनवाणी पाय, गुडघ्याएवढं पाणी, दाट ऊस आणि रात्र. गावात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, बहुतेक सगळी ग्रामीण भागातली. हा आकडा मला नंतर कळला. पण आकड्याची गरज नव्हती. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मी माझ्या मामांना अंधारात चालायला लावलं होतं, कारण माझा फोटो खराब होत होता.

‘मामा, बॅटरी लावा!’

‘झाला का फोटू?’

‘झाला,’ मी म्हटलं. तेव्हा सतरावा चालला होता.

त्यानंतर मी सेटिंग बदललं. बॅटरी फ्रेममध्ये येणारच असेल तर आयएसओ १६०० वर आणला, म्हणजे उजेडाचा पांढरा डाग होत नाही आणि ऊस उजळून निघतो. फ्रेम वर न ठेवता खाली आणली. चार वाजून दहा मिनिटांनी काढलेल्या त्या फोटोत वर आकाशगंगा आहे, खाली उसाचा काळा पट्टा आणि त्यात बॅटरीची वेडीवाकडी पिवळी रेघ. मामा दिसत नाहीत. पंधरा सेकंदांत एका जागी थांबेल तोच दिसतो आणि ते थांबले नव्हते.

सकाळी मामींना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, ‘मागल्या साली शिवेवरच्या शेतात एकाला चावलं. वाचला. पण बॅटरी नव्हती त्याच्याकडं.’ मला चहा गिळवेना.

अंधार कुणाचा?

जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारताचं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अंधार आता टुरिझमचं प्रॉडक्ट आहे आणि ते चांगलंच आहे. खांबावरच्या दिव्याला वरून झाकण असावं, उजेड रस्त्यावर पडावा, आकाशात नाही, एवढं तरी त्यातून लोकांना कळेल. मामांच्या चौकातल्या एलईडीलाही ते लागू आहे. दिवा काढायचा नाही, फक्त त्याची मान खाली वळवायची.

पण मामा रात्री आकाशाखाली असतात ते हौसेने नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. मामांच्या गावात तिची चर्चा जोरात होती. ती पूर्ण झाली की मामा रात्री घरी झोपतील आणि बाजलं किती कललं ते बघायला शेतात कुणी नसेल. तसंच होऊ दे! फोटो काढायला मी आहेच. आणि मामांना आकाश बघायचं असेल तर माळवद आहे.

सोमवारी ऑफिसात फोटो दाखवला. टीम लीडने झूम करून विचारलं, ‘ही पिवळी लाइन एडिट करता येईल ना?’

येईल. पण करणार नाहीये.

कसं जाल?
मुंबईहून देवगिरी, नंदिग्राम, तपोवन या गाड्या परभणीला जातात. २०२५ पासून नांदेडपर्यंत जाणारी वंदे भारतही आहे. पुण्याहून रेल्वे आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत. परभणीहून पाथरी साधारण ४५ किलोमीटर. पाथरीसाठी जवळचं स्टेशन मानवत रोड.

दिवसा काय बघाल?
मुदगल इथलं गोदावरीच्या पात्रातलं मुद्गलेश्वराचं मंदिर, संत जनाबाईंचं गंगाखेड, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची जुनी मंदिरं. हिवाळ्यात गेलात तर हुरडा चुकवू नका.

बॅगेत काय?
ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायला सुती कापड, स्वेटर, पायात बूट. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पांढऱ्या उजेडाने ती मेहनत क्षणात वाया जाते. पण चालताना टॉर्च पांढराच आणि चालूच!

पहिला फोटो असा लावा
मॅन्युअल मोड, रॉ फाइल. लेन्स सर्वांत रुंद, अॅपर्चर पूर्ण उघडं. शटर १५ सेकंद, आयएसओ ३२००. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. मॅन्युअल फोकस, ताऱ्यावर झूम करून. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. कॅमेरा नसेल तर मोबाइलचा प्रो किंवा नाइट मोडही चालेल; फक्त मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा.

एकटं जायचं नसेल तर?
मुंबईचं खगोल मंडळ आणि पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. पहिली रात्र जाणत्यांबरोबर काढा. आणि कुणाच्या शेतात उभे राहणार असाल तर आधी विचारा, आज पाण्याची पाळी आहे का. असेल तर फ्रेम त्यांच्या सोयीने लावा.